चढ डोळ्यांत की पायांत?

धायरीत आमच्या गच्चीवरून सिंहगड दिसतो. गुडघा दुखू लागल्यापासून तो मला अधिकच उभा वाटतो. काही वर्षांपूर्वी ‘बनगरवाडी’वर लिहिताना मी याच अनुभवाला शास्त्राचा टेकू दिला होता. तो टेकू आज काढून घेतो आहे. मूळ म्हणणे मात्र सोडत नाही.

टेकू होता डेनिस प्रॉफिट यांच्या प्रयोगांचा. १९९५मध्ये त्यांनी दाखवले की ५ अंशांचा चढ माणसे तोंडी सुमारे २० अंशांचा सांगतात. पण हाताकडे न बघता तळव्याखालची फळी त्या चढाइतकी कलवायला सांगितली, तर अंदाज पुष्कळ बरोबर येतो. पाठीवर ओझे असले की तोंडी सांगितलेला चढ आणखी वाढतो, असे त्यांनी व मुकुल भल्ला यांनी १९९९मध्ये मांडले. गड चढणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल. मलाही पटले, आणि तिथेच घाई झाली. २००९मध्ये फ्रँक डर्गिन व सहकाऱ्यांनी ओझ्याचे वेगळेच कारण सांगितले: पिशवीत स्नायूंची नोंद घेणारे यंत्र आहे, असे सांगताच तो परिणाम नाहीसा झाला. म्हणजे आधीची माणसे प्रयोगाचा हेतू ओळखून उत्तरे देत होती.

मग ‘बनगरवाडी’चे (१९५५) काय? व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रे काढीत, म्हणून त्यांच्या वर्णनाला ‘चित्रमय’ म्हणून मोकळे होणे सोपे जाते. पण चित्रासमोर आपण उभे असतो. इथे राजाराम सौंदणीकर नोकरीवर रुजू व्हायला चालत निघतो आणि माळ त्याच्या चालीने उलगडतो. शेवटी दुष्काळात माणसे वाडी सोडतात. घरे तीच, माळ तोच, पण येणारी-जाणारी पावले थांबल्यामुळे ती जागा वेगळीच होते.

‘हाकेच्या अंतरावर’, ‘चार पावलांवर’ हे आपले शब्दप्रयोग म्हणजे शरीर नजर बदलते याचा पुरावा, असे मी तेव्हा लिहिले होते. ते चूक. ‘हाकेच्या अंतरावर’ म्हणणारा अंतर चुकीचे पाहत नसतो. तिथवर काय पोचेल ते सांगत असतो. परिसर आपल्याला कृतीच्या शक्यतांसह दिसतो, हे जेम्स गिब्सन यांचे १९७९चे म्हणणे माडगूळकरांच्या माळाला प्रॉफिटपेक्षा जवळचे आहे.

परवा धारेश्वराच्या टेकडीच्या पायथ्याशी मी तळव्याखाली पुठ्ठा कलवून पाहिला. चढ वाढलेला नव्हता. वर जाताना मात्र दोनदा जास्त थांबलो.