‘खडी’ या शब्दावरील ओझे

जुन्या रस्त्याचे उखडलेले साहित्य लोहमार्गाच्या बांधणीत वापरावे, हा विचार मराठीत मांडू जाता पहिली अडचण येते ती शब्दांची. ‘रस्त्याची जुनी खडी रुळांखाली घालता येते’ असे विधान केले, तर ते एका अर्थी ग्राह्य ठरते आणि दुसऱ्या अर्थी अपघातास निमंत्रण देणारे ठरते.

रस्त्यावर पसरतात ती खडी, काँक्रीटमध्ये मिसळतात ती खडी, आणि पावसाळ्यात ‘रुळांखालून वाहून गेली’ म्हणून वृत्तपत्रांत छापून येते तीही खडीच. (विदर्भात ‘गिट्टी’ म्हणतात, घोटाळा तोच.) परंतु रेल्वेच्या खडीची जात निराळी आहे. आपल्याकडील मानकानुसार ती ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर शेकडा ५ हून अधिक राहता कामा नये, आणि २० मिलिमीटरच्या चाळणीवर मात्र जवळजवळ सगळी राहिली पाहिजे. हे कोनदार दगड एकमेकांत गुंततात, स्लीपर जागच्या जागी धरतात, आणि त्यांच्यामधील पोकळीतून पाणी निघून जाते. रस्त्याच्या वरच्या डांबरी थरातील दगड बहुधा याहून बारीक असतो. त्याला डांबर व भुकटी चिकटलेली असते. उन्हाने डांबर मऊ होते, पोकळी बुजते, पाणी तुंबते. म्हणजे ज्या गुणांसाठी रुळांखाली खडी घालावयाची, त्यांचाच नाश होतो.

या साहित्याचे स्थान शोधावयाचे ते त्या खडीच्याही खाली. इटलीतील जलदगती लोहमार्गांवर खडीखाली सुमारे १२ सेंटिमीटर जाडीचा डांबरी थर देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातील संशोधकांनी अशा थरांचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. वरची खडी ऊन अडविते, त्यामुळे तेथील डांबर रस्त्यावरच्या डांबराइतके तापत नाही व लवकर जीर्ण होत नाही. आणि थर स्वतः पाणी अडवितो. दख्खनच्या काळ्या मातीवर या दुसऱ्या गुणाचे मोल विशेष. ही माती भिजली की फुगते, आणि गाडीच्या भाराखाली तिचा चिखल खडीत वर चढतो. अशा थरात जुन्या डांबरी मिश्रणाचे प्रमाण किती असावे, हा संशोधनाचा खरा प्रश्न होय. इंडियन रोड्स काँग्रेसने डांबरी रस्त्यांच्या पुनर्वापरासाठी २०१५ साली १२० क्रमांकाची स्वतंत्र मार्गदर्शिका काढली खरी, परंतु तिचा विषय रस्ता; लोहमार्ग नव्हे.

आता पारिभाषिक शब्दांकडे. हिंदीतून आलेले ‘पुनर्चक्रण’ संधिनियमास धरून नाही. ‘पुनश्च’ लिहिणारा मनुष्य ‘पुनर्चक्रण’ कसे लिहितो, याचे प्रस्तुत लेखकास नवल वाटते. शुद्ध रूप ‘पुनश्चक्रण’. पण ते उच्चारण्यास कोणी धजेल असे वाटत नाही. ‘पुनर्वापर’ रुळलेला आहे, तोच ठेवावा. स्लीपर, फिशप्लेट, गँगमन यांच्याही वाटेस जाऊ नये. मात्र यंत्राने खरवडून काढलेल्या जुन्या डांबरी थरासाठी ‘पुनःप्राप्त डांबरी फरसबंदी’ असले जडजंबाल रचण्यापेक्षा ‘डांबरी खरवड’ का म्हणू नये? पातेल्याला लागलेला भाताचा थर आपण खरवडून काढतो, त्याला खरवड म्हणतो. खरवड तळाची असते आणि हा थर तर पृष्ठभागाचा, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. पण शब्दाचा भर खरवडण्याच्या क्रियेवर आहे, जागेवर नाही. स्वयंपाकघराचा वास येतो म्हणून शब्द टाकून द्यावयाचा, तर मराठीत फारच थोडे शब्द उरतील.

लोहमार्गाच्या खडीस ‘रूळखडी’ म्हणावे. हे दोन शब्द वेगळे झाले, की ‘रूळखडीखालच्या थरात डांबरी खरवड’ एवढ्या लिहिण्याने कोणती वस्तू कोठे घालावयाची, हे कामावरच्या मुकादमास निराळे समजावून सांगावे लागणार नाही.