कोसबादची बालवाडी : वस्तू आणि शब्द

अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्याविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचे स्वरूप बहुतांशी गौरवपर आहे. बालवैधव्य, रात्रशाळेतील अभ्यास, पुण्यातील स्थिर नोकरीचा त्याग आणि त्यानंतर डहाणू परिसरात आदिवासी मुलांमध्ये घालविलेले आयुष्य हा क्रम आता इतका परिचयाचा झाला आहे, की त्यांचे नाव निघताच श्रोता तो मनातल्या मनात पुरा करतो. गौरव अस्थानी आहे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु त्याच्यामुळे एक हानी झाली आहे. ज्या कार्याला निश्चित पद्धती होती आणि म्हणूनच जे चिकित्सेला पात्र होते, ते केवळ स्वभावगुणांचे फळ ठरले. अध्यापिका घडविणे हा ज्या कार्याचा अर्धा भाग होता, त्याच्या बाबतीत हे विशेषच खटकते. कारण प्रशिक्षणवर्गात पद्धती शिकविता येते, त्यागबुद्धी शिकविता येत नाही. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या एकाच अंगाचा, म्हणजे बालकाच्या हातातील वस्तू व त्याच्या तोंडातील शब्द यांच्या संबंधाचा, विचार करावयाचा आहे.

चरित्राचा तपशील आवश्यक तेवढाच घेऊ. अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी विवाह आणि सहा महिन्यांत वैधव्य. पुढे त्यांनी पुण्यात अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि नाशिक जिल्ह्यात व नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेचे काम केले. १९३७ मध्ये त्या रात्रशाळेतून मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली आणि त्याच वर्षी बोर्डी येथे सुरू झालेल्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात त्या रुजू झाल्या. पदवी त्यांनी १९६१ मध्ये घेतली. म्हणजे बोर्डी–कोसबादचा प्रयोग आकारास येत होता त्या सोळा वर्षांत त्याची प्रमुख कार्यकर्ती पदवीधर नव्हती. आमच्या अध्यापन महाविद्यालयांतील मंडळींनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.

काळ आणि स्थळ यांचाही निर्देश केला पाहिजे. १९४५ च्या मे महिन्यात याच टापूत, झरी येथे, वारल्यांची प्रसिद्ध सभा भरली आणि वेठबिगार व लग्नगडी या प्रथांविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकीकत आहे. बोर्डीची बालवाडी आणि झरीची सभा यांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि ज्या मुलांसाठी बालवाडी निघाली त्यांचे आईबाप कोणत्या स्थितीत होते, हे दुसऱ्या घटनेवरून कळते. अशा घरातील सात-आठ वर्षांचे मूल हे कुटुंबाचे एक कामकरी माणूस असते. मुलगा गुरे राखतो, मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते. ही मुले शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाला त्या काळी ‘अज्ञान’ हे उत्तर ठरलेले होते. ताराबाई व अनुताई यांनी ते स्वीकारले नाही. मुलाच्या दिवसाचा हिशेब मांडून त्यांनी शाळाच बदलली.

ताराबाईंनी हा विचार भावनगरहून आणला होता. तेथे दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या सहवासात त्यांनी माँटेसरी पद्धतीचा अभ्यास व प्रयोग केला, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. परंतु बोर्डीस आल्यावर ही शहरी व खर्चिक पद्धती जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड झाले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने त्याच्या अंगणात जावे, यातून अंगणवाडी निघाली. (२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे हा शब्द देशभर गेला. आज कित्येक अंगणवाड्यांना अंगण नाही, हा भाग निराळा.) गुराखी मुलांसाठी शिक्षिका चराईच्या रानात जाऊ लागली, ती कुरणशाळा. १९५६–५७ च्या सुमारास केंद्र कोसबादच्या टेकडीवर आले, आणि तेथे विकासवाडीची कल्पना पूर्णत्वास गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणण्यामागील युक्तिवाद अगदी साधा होता. तान्हे मूल पाळणाघरात राहिले तरच त्याला कडेवर घेऊन हिंडणारी बहीण शाळेत बसू शकते. तिला शिकविण्याची खरी अडचण तिच्या कडेवर होती. बुद्धीशी किंवा इच्छेशी तिचा संबंध नव्हता.

साधनांच्या बाबतीत हाच न्याय लावला गेला. माँटेसरी साधनसंचाची जागा बिया, शिंपले, खडे, पाने, माती अशा परिसरातील वस्तूंनी घेतली. या बदलाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे, परंतु ती प्रायः काटकसरीची व कल्पकतेची प्रशंसा आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यात याहून महत्त्वाचे काही दिसते, आणि ते माँटेसरी पद्धतीच्या एका घटकावरून स्पष्ट करता येईल.

वस्तूचे नाव शिकविण्यासाठी माँटेसरीबाईंनी फ्रेंच वैद्य सेगाँ यांचा तीन पायऱ्यांचा पाठ उचलला होता. प्रथम शिक्षिका वस्तू दाखवून तिचे नाव सांगते. नंतर ती नाव उच्चारते व मूल ती वस्तू ओळखून काढते. शेवटी ती वस्तूकडे बोट दाखविते आणि मूल नाव सांगते. या पाठात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : नाव शिक्षिकेपाशी आहे, मुलापाशी नाही. कारखान्यात घडविलेले लाकडी ठोकळे व दंडगोल यांच्यापुरते हे गृहीत खरे असते. ते साधन दोघांच्याही घरातले नसते, आणि त्याची परिभाषा शिक्षिका शिकून आलेली असते. आता त्या ठोकळ्याच्या जागी रानातील बी ठेवा. पाठ तोच राहतो, पण त्याचे गृहीत कोसळते. ती बी कोणत्या झाडाची, ती कधी गळते, खाण्याजोगी आहे की नाही, आणि तिला काय म्हणतात, हे सर्व मुलाला ठाऊक असते. पुण्या-मुंबईकडून आलेल्या शिक्षिकेला ती नुसती ‘बी’ असते. पहिल्या पायरीवर नाव सांगण्याचा अधिकार वस्तुतः मुलाकडे गेलेला असतो. साधन बदलल्याने शिकविणारा व शिकणारा यांचे नातेच उलटे होण्याचा संभव निर्माण झाला. कोसबादच्या कार्यातील सर्वांत मोलाची शक्यता मला येथे दिसते.

ही शक्यता कितपत फलद्रूप झाली? कुरणशाळेत ती सहज पुढे आली असणार. कारण रानात गुरे, गवत, वाटा आणि पाणवठे यांच्याविषयी बोलताना शिक्षिकेला विद्यार्थी व्हावेच लागते. परंतु अनुभवातून असे घडणे वेगळे, आणि ते पद्धतीचा भाग म्हणून प्रशिक्षणात येणे वेगळे. जागा, वेळ आणि साधन या तिन्ही बाबतींत कोसबादने नवा नियम घालून दिला व त्याला नवी नावेही दिली. अंगणवाडी, कुरणशाळा, विकासवाडी हे शब्दच त्याची साक्ष देतात. भाषेच्या बाबतीत असा एकही शब्द त्या प्रयोगातून मराठीत आला नाही. मुलाची बोली आपुलकीने ऐकून घ्यावी, तिला हसू नये, ही वृत्ती कोसबादच्या वातावरणाशी सुसंगतच होती; तथापि वृत्ती म्हणजे अभ्यासक्रम नव्हे. वारली बोलीची ध्वनिव्यवस्था, तिची प्रत्ययप्रक्रिया, तिचा शब्दसंग्रह यांची ओळख हा बालवाडी-शिक्षिकेच्या प्रशिक्षणाचा आवश्यक विषय आहे, अशी भूमिका या परंपरेची ओळख म्हणून आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. ‘बालवाडी कशी चालवावी’ अशा शीर्षकाचे पुस्तक अनुताईंनी लिहिले. ‘बालवाडीत कसे ऐकावे’ हे पुस्तक अद्याप कोणी लिहिलेले नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की वारली बोली मराठीच्या इतकी जवळची आहे, की मूल महिना-दोन महिन्यांत शाळेची भाषा आपोआप उचलते. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया यांची गोष्ट वेगळी. त्या अनुक्रमे मुंडा व द्राविड कुळांतील भाषा होत. हा आक्षेप वरवर पाहता सयुक्तिक वाटतो, परंतु माझ्या मते अडचण नेमकी या जवळिकीतच आहे. कोरकू मूल बोलू लागले की शिक्षकाला काहीच कळत नाही, आणि निदान ही भाषा वेगळी आहे एवढे तरी तो मान्य करतो. वारली मुलाचे बोलणे शिक्षकाला निम्मेअधिक कळते. मग जे कळत नाही ते वेगळ्या व्यवस्थेचे अंग न वाटता मुलाची चूक वाटते, आणि ‘नीट बोल’ असे सांगितले जाते. जवळच्या बोलीतील भेद ओळखण्यास दूरच्या भाषेपेक्षा अधिक शिकलेला कान लागतो. असा कान तयार करणे हे प्रशिक्षणाचेच काम होय.

येथे एका समकालीन विदेशी उदाहरणाशी तुलना उपयोगी पडेल. न्यूझीलंडमधील सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर (१९०८–१९८४) यांनी माओरी मुलांच्या शाळांतून अनेक वर्षे अध्यापन केले, आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘टीचर’ या ग्रंथाने त्यांचे नाव सर्वत्र झाले. पुढे कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात त्यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचेही काम केले. त्यांची पद्धती अशी, की वाचनाचे पहिले शब्द पुस्तकातून न देता मुलाकडून मागून घ्यावयाचे. ज्या शब्दाशी त्याचे भय किंवा प्रेम निगडित असेल, तो शब्द पुठ्ठ्याच्या पट्टीवर लिहून त्याच्या हाती द्यावयाचा. म्हणजे नाव सांगण्याचा अधिकार येथे खरोखरच मुलाकडे आला. परंतु मागितलेला शब्द असे तो इंग्रजी. माओरी मुलाच्या अंतरंगातून इंग्रजी शब्द काढण्यात काही विसंगती आहे, हे त्या पद्धतीच्या चाहत्यांना पुष्कळ दिवस जाणवले नाही. १९८२ मध्ये माओरी समाजाने स्वतःच ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेची घरटी, उभारली आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून तान्ह्या मुलांना माओरी भाषा मिळू लागली. कोसबादने मुलाची वस्तू घेतली, ॲश्टन-वॉर्नर यांनी मुलाचा शब्द घेतला. मुलाची भाषा घेण्याची पायरी या दोन्ही समर्थ शिक्षिकांच्या पुढे राहिली. एक फरक मात्र अनुताईंच्या बाजूने नोंदविला पाहिजे. ॲश्टन-वॉर्नर यांचे अध्यापन सर्वस्वी त्यांच्या व्यक्तित्वावर उभे होते. अनुताईंनी संस्था उभारली, ‘शिक्षणपत्रिके’चे संपादन केले, आणि १९८२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह ‘ग्राममंगल’ची स्थापना केली. त्यामुळे राहिलेली पायरी पुढच्यांना चढता येण्यासारखी आहे.

‘कोसबादच्या टेकडीवरून’ (१९८०) या त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्यातील ‘वरून’ हा शब्द लेखिकेने सहज वापरला असेल. ती खरोखरच टेकडीवर राहत होती. परंतु पायथ्याच्या पाड्यावरून ती टेकडी कशी दिसली, हे सांगणारे तितक्याच तोलाचे पुस्तक आपल्याजवळ नाही. ज्या समाजात लग्न लावण्याचा मान धवलेरीला आहे आणि तिची दीर्घ गाणी केवळ स्मरणावर टिकली आहेत, तो समाज शब्दांच्या बाबतीत दरिद्री असणे शक्य नाही. त्या गाण्यांवर लोकसाहित्याचे अभ्यासक येतात. त्या गाण्यांची भाषा घरात ऐकणारी मुले मात्र बालवाडीत बडबडगीते पाठ करतात, आणि ती प्रमाण मराठीत असतात.

प्रश्न निव्वळ शास्त्रीय राहिलेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने वारलीची नोंद मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात (१९०५) केली. २०११ च्या जनगणनेत ती भिली गटाखाली येते. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा वारल्यांची वस्ती दोन्ही बाजूंना विभागली गेली. तलासरीचे मूल शाळेत मराठी शिकते, उंबरगावचे गुजराती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्य बालकांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास राज्यांना सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही, शक्य तेथवर, घरच्या भाषेचा आग्रह आहे. परंतु वारली ही मराठीची बोली म्हणून लिहिली गेली, की मराठी माध्यमाची शाळा हीच त्या मुलाची मातृभाषेची शाळा ठरते आणि तरतूद कागदोपत्री पुरी होते. वर्गीकरणाची जी चर्चा आपण परिसंवादांतून निवांतपणे करतो, तिचा निकाल तलासरीच्या अंगणवाडीत असा लागतो. नव्या धोरणाप्रमाणे तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला गेला असल्याने अंगणवाडी-सेविकांच्या प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम नव्याने आखले जात आहेत. त्यांत पोषण, आरोग्य, खेळ आणि साधननिर्मिती यांना जागा असते. पालघर जिल्ह्यासाठी त्यात वारली बोलीच्या परिचयाचे काही तास असावेत, आणि ते घेण्यासाठी पाड्यावरची एखादी वृद्धा मानधन देऊन बोलवावी, एवढी सूचना आपल्या विभागाने करण्यास हरकत नसावी.