अंतःकर्णातील ‘रक्तगट’: एका संज्ञेची चिकित्सा

मूषकवर्गीय प्राण्यांच्या विकसनशील अंतःकर्णात रक्तगट-प्रतिजने आढळतात, या विधानातील ‘रक्तगट’ हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. ए, बी व एच ही वस्तुतः शर्करा-साखळ्यांची टोके होत. ती अनेक अवयवांच्या अस्तरपेशींवरही असतात. १९०१ साली लँडस्टायनर यांनी रक्तगट ओळखले म्हणून हे नाव रूढ झाले, इतकेच.

उंदराचे पिल्लू जन्मतः बहिरे असते. सुमारे बाराव्या दिवशी त्यास ऐकू येऊ लागते. साहजिकच या काळात कर्णशंखात प्रकटणाऱ्या वा लोपणाऱ्या प्रत्येक रेणूचा संबंध श्रवणाशी जोडण्याचा मोह होतो. परंतु प्रतिपिंडाने रंगविलेला छेद रेणूचे स्थळ व काळ सांगतो, कार्य नव्हे. एच-प्रतिजन घडविणाऱ्या एफयूटी-१ व एफयूटी-२ या जनुकांपैकी एकेक वगळलेल्या उंदरांची वाढ सर्वसाधारण झाल्याचे २००१ मध्ये दिसून आले. मुंबईत डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये नोंदविलेल्या ‘बॉम्बे’ रक्तगटाच्या व्यक्तींत तर एच-प्रतिजन मुळीच नसते. तरीही त्या सामान्यतः निरोगी असतात. अर्थात, बाह्यतः निरोगी असणे ही श्रवणचाचणी नव्हे, आणि एका जनुकाची उणीव दुसरे भरून काढू शकते. म्हणून दोन्ही जनुके वगळून श्रवणसीमा मोजल्याखेरीज या शर्करांना कर्णविकासाचे श्रेय देणे उचित नाही.