सामंतांच्या हातातली कादंबरी

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात एक माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहून चक्क पुस्तकातला मजकूर सांगतो. त्याचं नाव सामंत. गावातला साधा गृहस्थ, मुंबईहून अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आलेल्या हौशी मंडळींना सभागृह दाखवायला आलेला. त्यांचा एक गडी आलेला नाही, म्हणून त्याच्या जागी सामंतांना उभं करतात. साक्षीत काय बोलावं हे त्यांना सुचत नाही. हातात एक कादंबरी असते, तिच्यातलेच प्रसंग ते ऐकलेले म्हणून सांगू लागतात. मंडळींतल्याच प्राध्यापक दामल्यांची बंद खोली, आतून येणारा बाईचा आवाज, तिची विनवणी. शब्द कुणा कादंबरीकाराचे, तोंड सामंतांचं, आणि घाव बसतो तो मंडळींतल्याच, या खटल्यात आरोपी केलेल्या लीला बेणारेवर.

गोल करून, पुस्तकं हातात घेऊन वाचायला हेच नाटक घ्यावं असं मी आग्रहाने सांगतो, ते या साक्षीमुळे. नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम रंगमंचावर आणलं. सुलभा देशपांडे बेणारे होत्या. प्रयोगात आपण अंधारात बसून सामंतांना पाहतो. वाचनात मात्र प्रत्येकाच्या हातात पुस्तक असतं, प्रत्येकाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द असतात. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत ते तोंडून निघून गेलेले असतात. सामंतांचा भाबडेपणा हा त्यांचा बचाव ठरतो का, हा प्रश्न वाचनानंतरच्या गप्पांत फार लवकर निघतो आणि कधीच मिटत नाही. मला विचाराल तर, ठरत नाही. आपण सांगतोय ते पुस्तकातलं आहे हे त्या खोलीत सगळ्यांत आधी त्यांना ठाऊक असतं.

मुख्य पात्रं आठ. नववा हवा रंगसूचना वाचणारा. ही जागा उरलेल्या माणसाला देऊन टाकू नये. सगळ्यांत जाणत्या वाचकाला द्यावी. का, ते पुढे येईलच.

पहिल्या अंकात सगळे मजेत वाचतात. बेणारे एकेकाची टोपी उडवत असते. सुखात्मे वकील असूनही पक्षकारांविना बसून राहतात, पोंक्षे परीक्षेत अडखळलेला, काशीकर समाजकार्याच्या तोऱ्यात. तिच्या वाक्यांना वेग आहे, वाचणारीला ती सापडतातही पटकन. रात्रीच्या प्रयोगात आरोपी असणार अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आणि आरोप अण्वस्त्रांचा. पण सामंतांना कोर्टाची रीत कळावी म्हणून नुसता सरावाचा खटला करायचं ठरतं, आणि त्यात आरोपी होते बेणारे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळ नेमका कुठे खेळ राहत नाही? ही जागा वाचताना दर वेळी वेगळी लागते. कुणाला ती आरोप उच्चारताच लागते, कुणाला दामल्यांचं नाव येतं तिथे. एकदा मिसेस काशीकर वाचणाऱ्या बाईंनी दाखवून दिलं की त्यांना संपूर्ण बोलूच दिलं जात नाही, नवरा मध्येच तोडतो. मात्र बेणारेवर ताशेरे ओढायची वेळ येते तेव्हा त्यांची वाक्यं लांब होतात. नुसत्या डोळ्यांनी वाचताना हे माझ्या लक्षात येणं कठीण होतं. त्यांच्या जिभेला ते आधी कळलं.

खटल्यात फिर्यादीचे वकील झालेल्या सुखात्म्यांचंही तसंच. त्यांची संस्कृतप्रचुर, टाळ्या मागणारी मराठी वाचायला गोड लागते. वाचणारा सज्जन असला तरी दोन पानांत त्याचा आवाज चढतो, मातृत्व, संस्कृती, समाज हे शब्द घोळवून येऊ लागतात. तेंडुलकरांची ताकद मला इथे सर्वांत जास्त जाणवते. क्रूर माणसांना त्यांनी क्रूर भाषा दिलेली नाही, सभेत आणि वर्गात आपण मान देतो ती भाषा दिली आहे. सुखात्म्यांचं भाषण एखाद्या बाईंनी वाचून पाहावं. पुरुषी आवाजाच्या सवयीखाली झाकलेला त्यातला पोकळपणा एकदम उघडा पडतो.

मग ते दहा सेकंद. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश झालेले काशीकर घड्याळ पुढे धरून बेणारेला बोलायला दहा सेकंद देतात. त्यानंतर येतं तिचं दीर्घ स्वगत. ते वाचायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि ते संपल्यावर कोर्टाच्या लेखी ती काहीच बोललेली नसते. रंगमंचावर प्रकाश बदलतो, बाकीचे थिजतात, प्रेक्षकाला वेगळा काळ समजतो. वाचनात प्रकाश नाही. तिथे फक्त रंगसूचना वाचणारा आहे. त्याने ती सूचना घाईत उरकली, तर स्वगत म्हणजे एक जोरदार भाषण होऊन बसतं. शांतपणे वाचून तो थांबला, तर गोलातल्या सातही जणांना हातातलं पुस्तक घेऊन गप्प बसावं लागतं. इतका वेळ ‘शांतता’ म्हणून दरडावणारे काशीकरही त्यात आले. बेणारेच्या शेजारी बसून, तिच्याकडे न पाहता ते ऐकणं अवघड जातं.

यानंतर निकाल. जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप, तिच्याच पोटातला गर्भ नष्ट करावा अशी शिक्षा. दोन्ही एकाच तोंडून, एकाच गंभीर सुरात. काशीकर वाचणाऱ्याने सूर बदलू नये. विसंगती ठळक करायला गेलं की ती विरते.

खटला संपतो आणि सगळे पुन्हा नेहमीचे होतात, प्रयोगाच्या तयारीला लागतात. सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून जातात. बेणारे निपचित आहे आणि तिचाच आवाज कुठूनसा गाताना ऐकू येतो. ही ओळ कुणी वाचायची, यावर आमच्या गटात भांडण झालं. काहींच्या मते बेणारे वाचणारीनेच, कारण आवाज तिचा. काहींच्या मते रंगसूचना वाचणाऱ्याने, कारण ती स्वतः हललेलीही नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे. त्या क्षणी बेणारेच्या आवाजावर बेणारेचा ताबा उरलेला नाही, आणि तो दुसऱ्याच्या तोंडून आला की हे आपोआप कळतं. पहिल्या बाजूवाल्यांना हे अजून मान्य नाही. पुढच्या वाचनात ते आपल्या पद्धतीने वाचून दाखवणार आहेत.