पटावरचे वीस

दरेकसा हे मुंबई-हावडा लोहमार्गावरचे, छत्तीसगडच्या सीमेजवळचे गोंदिया जिल्ह्यातील छोटेसे स्थानक. सभोवती सालेकसा तालुक्याचे जंगल आणि त्यात विखुरलेले टोले. अशा टोल्यावरच्या जिल्हा परिषद शाळेची किंमत दोन आकड्यांवर ठरते : पट आणि निकालाची टक्केवारी. गणित शिकवणाऱ्यांनी तरी हे आकडे जरा उलटून पाहावेत.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मुले एकत्र आणून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. त्या वेळी अशा शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले, म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. तोरणमाळ आणि पानशेत हे नमुने पुढे ठेवले होते. खेळायला सवंगडी हवेत, चार इयत्तांना एकाहून अधिक शिक्षक हवेत, हे म्हणणे खरेच आहे. आक्षेप आहे तो वीस या रेषेला.

समजा, एका टोल्यावर दरवर्षी सरासरी पाच मुले जन्मतात. पहिली ते चौथीचा पट सरासरी वीस. पण जन्म काही सरासरी पाहून होत नाहीत. अशा मोजणीत स्वाभाविक चढउतार सरासरीच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साडेचारच्या आसपास असतो. तेव्हा एका वर्षी सोळा, काही वर्षांनी चोवीस, असे गुरुजींनी काहीही न बदलता होणार. एका तारखेचा पट पाहून शाळा रेषेखाली गेली म्हणणे हा ढोबळ हिशेब झाला. दाखल-खारीज नोंदवही काढून मागील पंधरा वर्षांचे आकडे मांडा, दिसेलच.

निकालाचे तर याहून विचित्र. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के! वर्गात आठ नाणी शंभरदा उडवून घ्या. सुमारे चौदा वेळा सहा किंवा अधिक छापे येतील आणि तितक्याच वेळा दोन किंवा कमी. हीच नाणी शाळा असत्या, तर चौदा ‘आदर्श’ आणि चौदा ‘मागास’ ठरल्या असत्या. ऐंशी नाण्यांत साठ छापे मात्र सहसा येणार नाहीत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या निकालांवर वेनर आणि झ्वर्लिंग यांनी २००६ मध्ये हेच दाखवले : छोट्या शाळा यादीच्या शेंड्यालाही गर्दी करतात आणि तळालाही.

शिवाय, दरेकशाच्या बाजूला घरात गोंडी, बाजारात हिंदी आणि पुस्तकात मराठी. पहिलीतले मूल वाचताना अडखळले, तर ते अक्षरापाशी अडखळले की शब्दाच्या अर्थापाशी, हे टक्केवारी सांगत नाही. आठच मुले असतील तर आठ नावे घेऊन लिहिता येते : कोण काय वाचते, कोण कुठे अडते. ते अधिक शास्त्रीय आहे आणि कागदही एकच लागतो.

पटाबाबतही अंगणवाडीतील शून्य ते सहा वयाची नोंद सोबत ठेवावी. पट उतरला तो मुले जन्मलीच नाहीत म्हणून, खासगी शाळेच्या गाडीत बसली म्हणून, की आईबापांबरोबर कामाला बाहेरगावी गेली म्हणून? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि शाळा दूर नेणे हा तिसऱ्यावरचा तर नक्कीच नव्हे.