पंडिता रमाबाईंचा त्रैक्यविषयक संशय आणि आद्य ख्रिस्ती ईश्वरविचार

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. मात्र धर्मांतरानंतर अवघ्या दोन वर्षांत त्यांनी ज्या सिद्धांताविषयी संशय व्यक्त केला, त्या सिद्धांताची चर्चा या लेखनात क्वचितच आढळते. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1885 मध्ये चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना भगिनी जेराल्डिन व प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या त्रैक्याचा सिद्धांत स्वीकारण्यास त्यांनी असमर्थता दर्शविली. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पत्रांचे संकलन स्वतः जेराल्डिन यांनीच केले होते. म्हणजे वादातील एका पक्षानेच वादाची कागदपत्रे लावली आहेत, हे वाचकाने विसरू नये.

अलीकडील अभ्यासकांनी या पत्रांकडे प्रामुख्याने सत्तासंबंधांच्या दृष्टीने पाहिले. उमा चक्रवर्ती यांचा ग्रंथ आणि गौरी विश्वनाथन यांचे विवेचन, दोन्ही 1998 मधील, या संदर्भात महत्त्वाचे आहेत. विश्वनाथन यांनी तर रमाबाईंच्या पाखंडाला स्वतंत्र प्रकरण दिले आहे. वसाहतीतील एक स्त्री इंग्लिश चर्चच्या अधिकाराला नकार देते, हे वाचन चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रमाबाई केवळ ‘नाही’ म्हणत नव्हत्या, तर देवाचे एकत्व म्हणजे काय, असा प्रश्न त्या विचारीत होत्या. हा प्रश्न ख्रिस्ती धर्मविचाराच्या मुळाशी आहे.

चौथ्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने हाच प्रश्न उपस्थित केला होता. देव एक व अजन्मा असेल, तर जन्मलेला पुत्र त्याच अर्थाने देव कसा? पिता आपल्याहून थोर आहे, असे येशू म्हणतो ते योहानाच्या शुभवर्तमानातील वचन (14:28) एरियसच्या पक्षाचे आवडते होते. 325 मध्ये निकिया येथील महासभेने पुत्र पित्याशी ‘होमोउसिओस’, म्हणजे समान तत्त्वाचा आहे, असा निर्णय दिला. हा शब्द बायबलमध्ये नाही, ही तक्रार त्या काळीही झाली. शब्द नसला तरी आशय आहे, असे उत्तर अथनेशियसला द्यावे लागले. चर्चचे वचन आणि ग्रंथाचे वचन यांत भेद करून ग्रंथात जे स्पष्ट दिसेल तेच मानण्याचा रमाबाईंचा आग्रह याच जुन्या तक्रारीच्या जातकुळीचा आहे.

तथापि रमाबाईंना एरियसपंथी ठरविणे घाईचे होईल. एरियसला ग्रीक तत्त्वज्ञानातील निर्विकार, अगम्य ईश्वराची चिंता होती. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्येने तर पुराणे सांगत देशभर भ्रमंती केली होती. अवतार तिला अपरिचित नव्हता, आणि जीव-ब्रह्म ऐक्याचा युक्तिवादही नव्हता. जी दालने ओलांडून त्या बाहेर आल्या होत्या, त्यांच्याच सारखे दार पुन्हा समोर आल्यावर त्या थबकल्या, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

त्यांच्यासमोर सिद्धांत कोणत्या रूपात आला, हेही पाहिले पाहिजे. अथनेशियन मतांगीकार हा अथनेशियसचा नाही. तो पुढील काळातील लॅटिन दस्तऐवज असून, त्यात सांगितल्याप्रमाणे न मानणाऱ्याचा नाश होईल, असे तो बजावतो. इंग्लिश चर्चच्या प्रार्थनापुस्तकाने वर्षातील 13 सणांना तो म्हणण्याचा दंडक घातला होता आणि एकोणिसाव्या शतकात खुद्द इंग्लंडमध्येच त्यावर मोठा वाद झाला होता. (सोलापूर-अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनची उपासना अशा पुस्तकाला बांधलेली नव्हती. त्यामुळे या मतांगीकाराचा जाच आपल्याकडील वाचकास सहज जाणवत नाही.) रमाबाईंच्या हाती निष्कर्ष आला, तो धमकीसह आला. निष्कर्षापर्यंत पोहोचण्याची पन्नाससाठ वर्षांची ओढाताण मात्र आली नाही.

ती ओढाताण समोर ठेवली तर रमाबाईंच्या भूमिकेतील उणीवही दिसते. अथनेशियसचा मुख्य मुद्दा गणिताचा नव्हता, तारणाचा होता. जो स्वतः निर्मित आहे, तो निर्मितांना देवाशी जोडू शकत नाही. म्हणून तारणारा देवच असला पाहिजे. रमाबाई ख्रिस्ताला तारणारा मानीत होत्या, पण त्याच्या देवत्वाविषयी साशंक होत्या. या दोन विधानांतील ताण त्या पत्रांत सुटलेला नाही. जेराल्डिन यांनी मुख्यतः आज्ञापालनाचा आग्रह धरल्यामुळे तो ताण त्यांच्यापुढे नीट मांडलाही गेला नाही. बील यांनी अधिक सहानुभूतीने व तत्त्वचर्चेच्या अंगाने उत्तरे दिली. वाद तेथेच खऱ्या अर्थाने वाद होतो.

मराठी वाचकास आणखी एक अडचण आहे, ती परिभाषेची. कॅपाडोशियाच्या बेसिल व दोन ग्रेगरींनी एक ‘उसिया’ व तीन ‘हिपोस्टासिस’ असा भेद स्थिर केला आणि 381 च्या कॉन्स्टँटिनोपल महासभेत त्यांचा पक्ष सरस ठरला. मराठीत आपण ‘एक तत्त्व, तीन व्यक्ती’ असे म्हणतो. आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात तीन देव उभे राहतात, आणि नेमका हाच आक्षेप निसाच्या ग्रेगरीला स्वतंत्र लेख लिहून खोडून काढावा लागला होता. उलट संस्कृत ‘व्यक्ति’ म्हणजे प्रकटीकरण. हा अर्थ घेतला तर एकच देव तीन रूपांनी दिसतो असे होते, आणि तेही मत, सॅबेलियसच्या नावाने ओळखले जाणारे, चर्चने त्याज्य ठरविले होते. एकाच शब्दात दोन्ही पाखंडे नांदतात! रमाबाईंची चर्चा इंग्रजीत झाली हे खरे, पण ती करणारे मन संस्कृतात घडलेले होते.

पुढे मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. हिंदू धर्मकल्पना सुचविणारे संस्कृत शब्द टाळून साध्या बोलीचा आश्रय घेणे हे त्या भाषांतराचे धोरण होते. एप्रिल 1922 मधील त्यांच्या निधनानंतर ते 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ त्यांनी कोणत्या शब्दांत उतरविला, हे 1885 च्या पत्रांशेजारी ठेवून तपासले पाहिजे. ते काम ग्रीक जाणणाऱ्या मराठीच्या अध्यापकाने हाती घ्यावे.