नानावटी खटला : ‘चुकून गोळी सुटली’ हे सिद्ध कोणी करायचं?

परवा एका ज्युनिअरनं संशोधन प्रस्ताव वाचायला दिला. विषय होता फौजदारी कायद्यातला ‘अपघात’ हा बचाव. पहिल्याच पानावर वाक्य : ‘नानावटी खटल्यानुसार अपघात सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते.’ वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं का महत्त्वाचं, ते आज बघू.

27 एप्रिल 1959 ला मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या सुटल्या आणि प्रेम आहुजा मरण पावले. पुढचं सगळ्यांना पाठ असतं. जूरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, जन्मठेप झाली. वर्गात हा खटला ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ या मुद्द्यासाठी शिकवतात. पण नानावटींचा मुख्य बचाव तो नव्हताच! झटापटीत गोळ्या सुटल्या, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम 80, आजच्या भारतीय न्याय संहितेचं कलम 18.

या कलमाला चार गोष्टी लागतात : घटना अपघाताने घडलेली हवी, गुन्हेगारी हेतू किंवा जाणीव नको, कृती कायदेशीर आणि कायदेशीर रीतीनं केलेली हवी, आणि पुरेशी काळजी घेतलेली हवी. कलमातलंच उदाहरण कुऱ्हाडीचं आहे. काम करताना पातं निसटलं, शेजारचा माणूस दगावला. काळजी घेतली असेल तर गुन्हा नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 24 नोव्हेंबर 1961 चा, न्या. सुब्बा राव यांनी लिहिलेला. ते म्हणतात, अपवादाचा फायदा हवा असेल तर तो आरोपीनं दाखवायचा. पुरावा कायद्याचं कलम 105 तसंच सांगतं (आता साक्ष्य अधिनियमाचं कलम 108). हे झालं ज्युनिअरचं अर्धं वाक्य. पण निकाल पुढं जातो : आरोपीचा पुरावा अपवादासाठी कमी पडला, तरी त्यातून हेतूबद्दलच वाजवी शंका निर्माण झाली, तर आरोपी सुटतो. कारण गुन्ह्याचे घटक सिद्ध करणं हे शेवटपर्यंत सरकार पक्षाचंच काम.

हे दुसरं अर्धं का हवं? मी मारुंजीत राहतो. खिडकीतून बांधकामावरची क्रेन दिसते. कल्पना करा, उचललेल्या लोखंडाचा पट्टा तुटला आणि खालचा मजूर गेला. ऑपरेटरवर कलम 106(1), निष्काळजीपणे मृत्यू; शिक्षा 5 वर्षांपर्यंत. तो म्हणतो, ‘साहेब, मी सगळं बघून उचललं होतं.’ या एका वाक्याचे दोन अर्थ होतात. निष्काळजीपणा नाकारला असं धरलं, तर शंका पुरे. कलम 18 चा बचाव घेतला असं धरलं, तर शक्यतेचं पारडं त्यानंच आपल्या बाजूला झुकवायचं. आणि पट्टा तपासल्याची नोंदवही कुणाकडं? ठेकेदाराकडं. अर्धं वाक्य वाचणाऱ्या कोर्टात हा माणूस अडकेल.

आता माझा आक्षेप. हेतू सिद्ध नाही, निष्काळजीपणाही सिद्ध नाही, तर मुळात गुन्हाच उरत नाही. अपवादाची गरज काय? मग कलम 105 च्या ओझ्याला मनुष्यवधाच्या खटल्यात नक्की कुठं काम आहे? सुब्बा राव यांना ही गुंतागुंत दिसली होती, त्यांनी उदाहरणही अपघाताचंच घेतलं. पण हा शेवटचा प्रश्न त्यांनी मोकळा सोडला, असं माझं वाचन आहे.

सोडणं परवडलं, कारण पुरावाच नानावटींच्या विरोधात होता. जहाजावरून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं खोटं कारण सांगून घेतलेली. झटापट झाली म्हणावं, तर आहुजांच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी. अशा तथ्यांवर ओझं कुणावरही टाका, निकाल तोच आला असता. म्हणजे तत्त्व मांडलं गेलं, पण त्याची कसोटी लागली नाही. इंग्लंडच्या 1935 च्या वूलमिंग्टन खटल्यात उलट होतं. तिथंही बंदूक चुकून उडाल्याचाच बचाव होता, पण तिथं ओझं कुणावर यावरच माणसाचा जीव टांगलेला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते सरकार पक्षावर ठेवलं आणि तो सुटला.

म्हणून संशोधन करणाऱ्यांना एकच सांगणं. निकालातलं तत्त्व उचलताना विचारा : या तथ्यांवर त्या तत्त्वामुळं निकाल बदलला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ते वाक्य प्रबंधात जपून वापरा. ज्युनिअरला मी प्रस्ताव परत दिलाय. शीर्षक तेच ठेव म्हटलं, फक्त पहिलं वाक्य पूर्ण कर.